बोंग-चीचा वाघ

माझी जीभ लांब आहे, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. साठ वर्षं झाली, औषधदेवाच्या देवळासमोर मी उदबत्त्या आणि मेलेल्यांसाठी जाळायचे कागद विकत बसले आहे. पुजारी असो, पंच असो, गिऱ्हाईक असो, मी कुणाला बोलायचं सोडलं नाही. त्यातलं बरंचसं मला आठवतही नाही. एकच बोलणं मात्र परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं, आणि ते मी बोंग-चीच्या भावाला बोलले होते.

बोंग-ची माझी लहानपणापासूनची मैत्रीण. नावाचा अर्थ 'झालीच आहे तर वाढवू'. लागोपाठ तिसरी मुलगी झाली की आमच्या ताइनानमध्ये बाप असलं नाव ठेवून मोकळे व्हायचे. माझ्या वर्गात तीन बोंग-ची होत्या. ही फांगांची. तिच्या पाठीवर छी-शुन झाला तेव्हा तिच्या बापाने गल्लीभर लाल अंडी वाटली आणि आम्ही दोघींनी सहा-सहा खाऊन पोटं बिघडवून घेतली.

बाप देवळं रंगवायचा. दारांवरचे द्वारपाल, तुळयांवरच्या कथा, छतावरचे ड्रॅगन, सगळं त्याच्या हातचं. हे काम थेट लाकडावर काढत नाहीत. आधी घरी कागदावर पूर्ण चित्र काढायचं, मग त्याच्या रेघारेघांवर सुईने बारीक भोकं पाडायची. हा झाला खाका. तो लाकडावर लावून वरून काजळीची पुरचुंडी थोपटली की खाली काळे ठिपके उमटतात. ते जोडायचे आणि रंग भरायचे. बापाने पोराला रंग शिकवला आणि पोरीच्या हातात सुई दिली. आठव्या वर्षापासून बोंग-ची स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून टोचत होती. टोचता टोचता तिला रेघ कळली. बापाची रेघ कुठे अडखळली तेही तिला कळायचं, पण ते ती फक्त मला सांगायची.

बाप गेला तेव्हा छी-शुन वीस-बावीस वर्षांचा होता. गल्लीत त्याला सगळे आ-शुन म्हणतात. रंगाचा हात त्याला देवानेच दिला होता. त्याने लावलेला हिरवा रंग बघून माणूस उन्हातसुद्धा थांबायचा. पण कोरा कागद समोर आला की पठ्ठ्याला घाम फुटायचा. पहिलं काम आलं, एका खेड्यातल्या देवळाचं. तीन दिवस तो कागदासमोर बसला आणि तीन दिवस कागद कोराच राहिला. चौथ्या दिवशी बोंग-चीने त्याच्यापुढे माशाची पेज ठेवली, कागद स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "तू जेव. मी तोवर घोड्याचं तोंड काढते."

त्या दिवसापासून सगळे खाके तिचे. मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, घरच्या मांजरालाही माहीत होतं. बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. देवाच्या डोक्यावरच्या चित्राला बाईचा हात लागला हे पंचांना चाललं नसतं. परांचीवर तर बाईने पाऊलही ठेवायचं नाही. गवंड्यांचा डबा घेऊन गेली तरी बायको खालूनच हाक मारायची.

मग आमच्या देवळाचं रंगकाम निघालं. त्या काळी मोठं काम एकाच मास्तराला देत नसत. देवळाचे मधोमध दोन भाग करायचे, मध्ये जाड पडदा बांधायचा. डावी बाजू एका मंडळीची, उजवी दुसऱ्यांची. काम संपून पडदा उतरवला की गाव ठरवणार कोण सरस. डावी बाजू आ-शुनला मिळाली आणि उजवीकडे उत्तरेहून एक बुजुर्ग मास्तर आला, बरोबर सात शागीर्द. आ-शुनची रात्रीची झोप उडाली.

"अक्का, वाघाचं काय करायचं?" तो बोंग-चीला विचारायचा. आमचा देव म्हणजे वैद्य. त्याने वाघाच्या घशात अडकलेलं हाड काढलं होतं, ती कथा डावीकडच्या मोठ्या फळीवर यायची होती. प्रत्येक देवळात हा वाघ डोळे वटारूनच असतो. वाघाचे डोळे म्हणजे चित्रकाराची परीक्षा.

बोंग-चीने वाघाचे डोळे मिटलेले काढले. गच्च. तोंड उघडं, कान मागे, पुढचा एक पंजा वैद्याच्या गुडघ्यावर. बापाचा दात उपटताना तिने त्याचे पाय धरले होते, ते तोंड ती विसरली नव्हती. आ-शुनने खाका पाहिला आणि कपाळाला हात लावला. "लोक म्हणतील याला डोळे काढता येत नाहीत." ती म्हणाली, "म्हणू देत की. दुखतंय त्याला."

पडदा उतरवला त्या दिवशी सगळा गाव उजवीकडून डावीकडे आला आणि डावीकडेच थांबला. म्हाताऱ्या बायका वाघाकडे बघून हळहळल्या. उत्तरेचा मास्तर बराच वेळ मान वर करून उभा होता. मग त्याने आ-शुनला वाकून नमस्कार केला. पंचांनी आ-शुनच्या गळ्यात लाल पट्टा घातला, फटाक्यांच्या माळा लागल्या. बोंग-ची माझ्या शेजारी गर्दीत, हातात भाजीची पिशवी. तिने तो वाघ पुऱ्या आकारात पहिल्यांदाच पाहिला. मी तिला कोपराने ढोसलं, "बोल की काहीतरी." ती म्हणाली, "शेपूट जरा आखूड झालं." आणि मग सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. फळीच्या कोपऱ्यात नाव होतं, फांग छी-शुन.

पुढची वीस-बावीस वर्षं भावाबहिणीने दक्षिणेतली किती देवळं केली त्याचा हिशोब मी ठेवला नाही. आ-शुनचं लग्न झालं, पोरं झाली. बोंग-चीने लग्न केलं नाही. दिवसा भावाची पोरं सांभाळायची, भांडी घासायची आणि टेबल मोकळं झालं की टोचायची. आ-शुन वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. नवं कापड आणलं तर आधी तिच्यासाठी आणायचा. पण तिचं नाव मात्र त्याने कधी काढलं नाही. आधी भीती होती, मग सवय झाली, आणि नंतर नंतर लाज वाटायला लागली. इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस एकदम बोलणार तरी कुठून?

त्रेपन्नाव्या वर्षी ती पोटाच्या आजाराने गेली. चार महिन्यांत. लग्न न झालेल्या मुलीच्या नावाची पाटी घरच्या पूर्वजांच्या पाट्यांमध्ये बसत नाही, म्हणून ती डोंगरावरच्या मठात ठेवली. सातव्या दिवसाच्या विधीआधी आ-शुन माझ्या दुकानात आला. तिच्यासाठी जाळायला कागदाचं घर, कागदाची मोलकरीण, कागदी सोनं त्याने घेतलं. मी एक एक वस्तू बांधत होते आणि माझ्या डोक्यात संताप साठत होता. मैत्रीण गेली होती माझी.

"मोलकरीण कशाला देतोस?" मी म्हणाले. "तिकडे बसून ती करणार काय? तिचे खाके दे तिला."

तो घुटमळला. "छाई-यून ताई, खाके लागतात गं. पुढचं काम आहे, त्याच्या पुढचं आहे..."

आणि मी बोलले. "जिवंत होती तोवर तिच्या हातचं खाल्लंस. आता मेल्यावरही तिच्याच हातचं खायचंय तुला?"

त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. सातव्या दिवशी त्याने दोन पत्र्याच्या पेट्या डोक्यावरून आणल्या. तीनशेच्या वर खाके होते. कागदाच्या घराबरोबर त्याने ते एक एक करून आगीत घातले आणि प्रत्येक खाका घालताना 'अक्का, हे घे' म्हणत राहिला. मी शेजारी उभी होते. वाघाचा खाका मी स्वतःच्या हाताने टाकला. आपण तिला न्याय मिळवून दिला असं मला त्या दिवशी वाटलं होतं. आमच्याकडे जे जाळतो ते मेलेल्याला पोचतं, आणि तिची वस्तू तिलाच पोचली, यात चुकलं काय?

त्यानंतर आ-शुनच्या हातून काही झालं नाही. एक-दोन देवळं घेतली, फसली. लोक म्हणायचे, बहिणीच्या दुःखाने खचला. मग तो कंदील रंगवायला लागला. कंदिलावर ठरलेली फुलं असतात, आणि त्याचा रंग तेव्हाही सुरेखच होता.

तीसेक वर्षं अशीच गेली. उदबत्तीच्या धुराने वाघ इतका काळा पडला की नव्या पोरांना तिथे चित्र आहे हेही माहीत नव्हतं. मग सरकारने देऊळ वारशाच्या यादीत घेतलं आणि चित्रं धुवायला लिएन नावाचे एक साहेब आले. चाळिशीचे, चष्मेवाले, कापसाच्या बोळ्याने हातभर फळी पुसायला आठवडा घेणारे. वाघ बाहेर आला. त्याच सुमारास ल्याओ यू-श्यिन आली.

पस्तिशीची बाई, पुरुषी बूट, केस कापलेले. स्वतः चित्रकार. शहरातल्या एका कलादालनासाठी ती प्रदर्शन जमवत होती. विसरलेल्या देऊळ-चित्रकारांची कामं एकीकडे आणि त्यांच्या शेजारी आजच्या चित्रकारांची. दक्षिणेतल्या सात देवळांत तिला डोळे न वटारलेले, दुखऱ्या, हळव्या चेहऱ्यांचे प्राणी सापडले होते आणि सातही ठिकाणी एकच नाव होतं.

"आजी, हे फांग मास्तर अजून आहेत?" तिने मला विचारलं.

"आहे की. तो बघ समोर, सुपारी चघळत बसलाय."

ती धावलीच. गुरुजी काय, मास्तर काय, वाकून वाकून बोलली. इतकी वर्षं तुम्हाला कुणी ओळखलं नाही, आम्हाला लाज वाटते, म्हणाली. आ-शुन ऐकत राहिला. मी दुकानातून बघत होते आणि मनात म्हणत होते, घे आता, आणखी एक लाल पट्टा घे. तो उठला, सुपारी थुंकला आणि म्हणाला, "ते माझं नव्हे. माझ्या अक्काचं आहे. मी नुसते रंग भरले."

पन्नास वर्षांनी बोलला. माझ्या हातातला उदबत्त्यांचा जुडगा खाली पडला.

यू-श्यिनचे डोळे असे चमकले की काय सांगू. तिला तर हवं होतं त्याहून मोठं सापडलं होतं. वही उघडून माझ्याच दुकानात बसली. कोहळ्याचा चहा थंड झाला तरी तिचं लिहिणं चालूच. आणि मग तिने विचारलं, "त्यांच्या हातचं काही आहे का? एखादा खाका? चिठ्ठी, वही, काहीही?"

आ-शुनने माझ्याकडे बघितलं नाही. तेवढी सभ्यता त्याच्यात होती.

"नाही," मी म्हणाले. "जाळले. मीच जाळायला लावले."

"सगळे?"

"सगळे."

पेनाचं टोपण तिने तीन वेळा लावलं आणि काढलं. मला वाटत होतं, पोरी, शिव्या तरी दे.

तिने हार मानली नाही. लिएन साहेबांच्या मदतीने रंगाच्या आतलं दिसणारा कॅमेरा आणला. रंगाखाली काजळीचे ठिपके स्पष्ट दिसले, आणि वाघाचा पंजा आ-शुनने दोन बोटं खाली सरकवला होता तेही दिसलं. खाक्यातला पंजाच जास्त चांगला होता. आ-शुनने कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पाहिलं आणि म्हणाला, "तिने सांगितलं होतं मला, हलवू नकोस म्हणून." पण ते ठिपके कुणी टोचले हे कॅमेरा सांगत नव्हता. कलादालनाच्या जाणकारांची सभा बसली. भावाचा शब्द आणि शेजारणीची साक्ष, दोघं ऐंशीच्या घरात, कागद एकही नाही. यू-श्यिन तीन तास भांडली. शेवटी चित्राशेजारची पाटी ठरली: 'फांग छी-शुन. रेखाटन: घरच्यांचं साहाय्य.'

"घरच्यांचं साहाय्य?" आ-शुन माझ्या दुकानात येऊन ओरडला. "ती काय नुसती भांडी घासत होती?"

"भांडीपण घासत होती," मी म्हणाले.

प्रदर्शनाला आम्ही दोघं गेलो. मोठ्या भिंतीवर आमच्या वाघाचा फोटो, खऱ्या फळीएवढा. त्याच्या शेजारी यू-श्यिनचं स्वतःचं काम होतं. छतापासून जमिनीपर्यंत पांढरा कागद आणि त्यावर नुसती सुईची भोकं. मागून उजेड सोडला होता. कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांवरून तिने तो वाघ पुन्हा टोचला होता, पंजा मूळ जागी ठेवून. चार महिने टोचत होती म्हणे. पाटीवर चित्रकार म्हणून तिचं नाव, आणि चित्राचं नाव 'फांग बोंग-ची'.

"आपल्या चित्राला काय नाव द्यायचं ते माझ्या हातात होतं, मास्तर," ती हळूच म्हणाली. "माझ्या हातात तेवढंच होतं."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. आजची लेक तिच्यासाठी चार महिने वाकून बसली होती. आ-शुन मात्र कागदाला नाक लावून बघत होता. "भोकं जाड आहेत," तो म्हणाला. "अक्का बारीक टोचायची." परतताना बसमध्ये म्हणाला, "नाव लागलं, पण चित्राला लागलं गं. चित्र काढणारी म्हणून नाही लागलं."

दुसऱ्या दिवशी दुपारची पूजा आटोपली, पुजारी जेवायला गेला. आ-शुन घडीची शिडी, दोन ब्रश आणि रंगाची वाटी घेऊन आला.

"शिडी धर," मला म्हणाला.

"एकोणऐंशी वर्षांचा आहेस, मेल्या. पडशील."

"म्हणून तर धर म्हणतोय."

मी धरली. त्याने कोपऱ्यातल्या नावावर फळीच्या रंगाचा हात फिरवला. आडनाव दोघांचं एकच, ते तसंच ठेवलं. आमच्या लिपीत दोनच अक्षरं बदलायची होती. मी खालून विचारलं, "ते नाव देवळात लिहिणार? 'झालीच आहे तर वाढवू'? तिला चाललं असतं का?" तो वरून म्हणाला, "तिचं तेच नाव होतं. दुसरं ठेवलं कुणी?" हात जराही हलला नाही. खाली उतरला आणि आम्ही दोघं मान वर करून बघत राहिलो. मला वाटलं, आता माझंही थोडं फिटलं.

अकरा दिवस राहिलं ते नाव. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बघून यायचे. बाराव्या दिवशी पंचांच्या प्रमुखाच्या लक्षात आलं. वारशाच्या चित्राची नासधूस म्हणून बोंबाबोंब झाली. वयाकडे बघून पोलिसांत कुणी दिलं नाही, एवढंच नशीब. लिएन साहेबांना बोलावणं गेलं.

लिएन साहेब माणूस चांगला. त्यांनी आ-शुनसाठी खुर्ची मागवली, चहा मागवला. "मास्तर, तुमचं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "पण मूळ जे होतं तेच ठेवायचा नियम आहे. हे नंतरचं आहे." ते परांचीवर चढले. यू-श्यिनही आली होती. तीही चढली, कुणी अडवलं नाही, आता अडवत नाहीत. तिने त्यांना पुन्हा एकदा विनवलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग ती तिथेच बाजूला बसून राहिली. कापसाचे बोळे काळे होऊन बशीत पडत गेले. 'बोंग' गेलं, मग 'ची' गेलं. खालून जुनी अक्षरं वर आली, धुतलेली, काल लिहिल्यासारखी. पंचांचा प्रमुख म्हणाला, "वा, जसंच्या तसं आहे."

खाली उतरून लिएन साहेबांनी एक कागद आ-शुनच्या पुढे ठेवला. चित्रकार हयात असला तर त्याचा दाखला लागतो म्हणाले, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

"हे नाव तुम्ही स्वतः, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं ना?"

"हो," आ-शुन म्हणाला.

"त्याच साली?"

"हो. पडदा उतरवला त्याच्या आदल्या दिवशी."

"मग इथे सही करा."

आ-शुनने कागद चष्म्याजवळ धरला. "चित्र कुणी काढलं, असं यात कुठे विचारलंय?"

"तसा रकाना नाही, मास्तर. नावावरूनच धरतात."

यू-श्यिन परांचीवरून खाली बघत होती. आ-शुनने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. लिहिलेलं सगळं खरं होतं. त्याने सही केली.